साडेतीन शिलिंगांचे विश्व

सोळाव्या शतकातील एका इंग्रज न्यायाधीशाच्या देणगीतून केंब्रिज विद्यापीठात रीड व्याख्यान या नावाचा एक जुना शिरस्ता चालत आला असून, १९३० सालच्या नोव्हेंबर महिन्यात हे व्याख्यान देण्याचा मान सर जेम्स जीन्स या गणितज्ञ-ज्योतिर्विदांकडे आला. विद्यापीठीय व्याख्यानांचे प्राक्तन बहुधा ठरलेले असते: सभागृहात सौम्य टाळ्या, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात चार ओळी आणि कालांतराने ग्रंथालयाच्या एखाद्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली पुस्तिका. या व्याख्यानाची गोष्ट मात्र निराळी झाली. विद्यापीठाच्या मुद्रणालयाने त्याचे विस्तारित रूप आधीच छापून बांधून तयार ठेवले होते. व्याख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी ‘द मिस्टीरियस युनिव्हर्स’ या नावाने, साडेतीन शिलिंग किमतीला, ते पुस्तक दुकानांत मांडले गेले आणि पहिला महिनाभर दररोज सुमारे हजार प्रती या वेगाने खपले. आपेक्षिकता, पुंजसिद्धांत आणि ताऱ्यांची उत्पत्ती हे ज्या ग्रंथाचे विषय, त्याचा खप एखाद्या रहस्यकथेसारखा व्हावा, याचे नवल त्या काळच्या ग्रंथविक्रेत्यांनाही वाटल्यावाचून राहिले नसेल.

खगोलविषयक सुबोध ग्रंथांची परंपरा युरोपात त्या वेळी अडीचशे वर्षांची होती. फ्रान्समध्ये फाँतनेल या लेखकाने १६८६ साली एका मार्क्वीझला रात्रीच्या उद्यानात फिरता फिरता विश्वरचना समजावून देणारे संवाद लिहिले, तेव्हापासून हा ग्रंथप्रकार रूढ झाला. एकोणिसाव्या शतकात कामीय फ्लामारियों याने १८८० साली ‘आस्त्रोनोमी पोप्युलेर’ प्रसिद्ध करून तो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात नेला आणि इंग्लंडात रॉबर्ट बॉल यांनी १८८५ साली ‘द स्टोरी ऑफ द हेवन्स’ लिहून व सचित्र व्याख्याने देत गावोगाव हिंडून तेच कार्य केले. परंतु या सर्व मंडळींजवळ एक भांडवल होते, ते म्हणजे डोळ्यांना दिसणारे आकाश. चंद्रावरील डोंगर, शनीची कडी, शेंडेनक्षत्राची शेपटी यांचे वर्णन करणाऱ्याला वाचकाचे बोट धरून अंगणात नेता येत असे. १९१९ नंतर ते भांडवल अपुरे पडू लागले. त्या वर्षीच्या २९ मे रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकतात की नाही हे पाहण्यासाठी आर्थर एडिंग्टन पश्चिम आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले होते, दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथे होती, आणि ६ नोव्हेंबर रोजी लंडनमध्ये भरलेल्या सभेत आइनस्टाइनच्या बाजूने निकाल जाहीर झाला. दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे वाचणाऱ्या सामान्य माणसाला एवढेच कळले की न्यूटनच्या राज्यात काहीतरी उलथापालथ झाली आहे आणि ती समजण्याइतके गणित आपल्याजवळ नाही. या असमाधानातून जो वाचकवर्ग निर्माण झाला, त्याच्यासाठी पुढील दहा वर्षांत केंब्रिजच्या दोन गणितज्ञांनी लेखणी उचलली.

दोघेही रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले. ही पदवी महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक होण्याचे श्रेय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना आहे, आणि योगायोग असा की जीन्स ज्या ट्रायपॉस परीक्षेत १८९८ साली दुसऱ्या क्रमांकात विभागून आले, त्याच परीक्षेत पुढच्याच वर्षी परांजपे सीनियर रँग्लरपदाचे मानकरी झाले. एडिंग्टन यांनी १९०४ साली, विद्यार्थिदशेच्या दुसऱ्याच वर्षी, ते पद मिळवले. ते क्वेकर पंथाचे, अविवाहित, मितभाषी. केंब्रिजच्या वेधशाळेत बहिणीसह राहावे आणि सुटीत सायकलवरून दूरदूर भटकावे हा त्यांचा क्रम. जीन्स यांची सांपत्तिक स्थिती उत्तम होती, डॉर्किंगजवळच्या घरी ते ऑर्गन वाजवीत आणि विद्यापीठाच्या नोकरीची त्यांना गरज उरली नव्हती. ताऱ्यांच्या अंतर्भागाविषयी या दोघांचे रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभांमधून वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले. तारे वायुरूप की द्रवरूप, त्यांची ऊर्जा येते कोठून, या प्रश्नांवर दोघांनी एकमेकांस सोडले नाही. सामान्य वाचक मात्र त्यांची नावे जोडीने घेऊ लागला, ही गोष्ट दोघांनाही फारशी रुचली असेल असे वाटत नाही.

लेखक म्हणून मला स्वतःला एडिंग्टन श्रेष्ठ वाटतात. १९२७ साली एडिंबरोस दिलेल्या गिफर्ड व्याख्यानांवरून त्यांनी १९२८ साली ‘द नेचर ऑफ द फिजिकल वर्ल्ड’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या आरंभीच ते लिहावयास बसतात तेव्हा त्यांच्यापुढे दोन मेजे असतात: एक लाकडी, घट्ट, कोपर टेकता येईल असे, दुसरे बहुतांशी रिकाम्या पोकळीचे, जिच्यात विद्युत्भार प्रचंड वेगाने धावत आहेत. पुढे एका ठिकाणी ते परीक्षेतील एक प्रश्न घेतात. गवताळ उतारावरून एक हत्ती घसरत येत आहे, अशी त्या प्रश्नाची सुरुवात. मुरलेला परीक्षार्थी हत्तीकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला हवे असते वजन, आणि ते दोन टन असे कळताच हत्ती नाहीसा होऊन दोन टन तेवढे शिल्लक राहतात. डोंगर जातो, साठ अंशांचा कोन उरतो. हिरवळ जाते, घर्षणाचा गुणांक उरतो. शेवटी उत्तर निघते ते केवळ आकड्यांचे, आणि हे सर्व आकडे कोठे ना कोठे एखाद्या उपकरणाचा काटा कोणत्या खुणेवर थांबला हे पाहून मिळालेले असतात. पदार्थविज्ञान जगाविषयी जे सांगते ते काट्यांच्या या वाचनांपलीकडे जात नाही, हा गहन सिद्धांत सांगण्यासाठी त्यांना एकही समीकरण मांडावे लागले नाही. गणिताच्या परीक्षेला बसलेल्या कोणालाही पटेल असा एक हत्ती त्यांना पुरला. विनोद हा त्यांच्या लेखनात केवळ अलंकार म्हणून येत नाही, युक्तिवादाचे काम तोच करतो, आणि विज्ञानविषयक ललित लेखनात ही गोष्ट दुर्मिळ आहे.

जीन्स यांचे सामर्थ्य वेगळे होते. अफाट संख्येला मनुष्याच्या आटोक्यात आणण्याची त्यांची हातोटी आजही कोणाला फारशी साधलेली नाही. १९२९ सालच्या ‘द युनिव्हर्स अराउंड अस’ या ग्रंथात त्यांनी काळाचे एक मोजमाप दिले आहे. थेम्सच्या काठी इजिप्तमधून आणलेला एक प्राचीन पाषाणस्तंभ १८७८ पासून उभा आहे. लंडनकर त्याला क्लिओपात्राची सुई म्हणतात. एका पेनीवर टपालाचे तिकीट चिकटवावे आणि ते नाणे, तिकीट वर राहील अशा रीतीने, या स्तंभाच्या माथ्यावर आडवे ठेवावे. एकूण उंची म्हणजे पृथ्वीचे वय. नाणे व तिकीट मिळून होणारी जाडी म्हणजे मनुष्यजातीचे वय. त्यांपैकी नाणे रानटी अवस्थेतील काळाचे आणि तिकीट सुधारलेल्या अवस्थेतील काळाचे. उपमा देणारा लेखक पुष्कळदा हिशेबात ढिला असतो, म्हणून रुजुवात घ्यावीशी वाटते. स्तंभाची उंची सुमारे एकवीस मीटर. पृथ्वीचे वय त्या वेळी दोनशे कोटी वर्षे मानीत. म्हणजे एक मिलिमीटर जाडीला सुमारे पंचाण्णव हजार वर्षे पडतात, आणि पातळ कागदाच्या तिकिटाची जाडी मिलिमीटरचा विसावा भाग धरली तर पावणेपाच हजार वर्षे येतात. हिशेब चोख आहे. याच थाटात ते दुसरीकडे सांगतात की सबंध युरोपखंडात तीनच गांधीलमाश्या जिवंत ठेवल्या, तरी युरोपच्या हवेत माश्यांची जेवढी दाटी होईल तेवढी अवकाशात ताऱ्यांची नाही. अंतराळ रिकामे आहे हे वाक्य शेकडो ग्रंथांत आले आहे. गांधीलमाशीच्या दंशासारखे लक्षात राहते ते एवढेच.

पण केवळ शैलीने दररोज हजार प्रती खपत नाहीत. त्यामागे मुद्रणालयाचा एक चतुर कारभारी होता. सिडनी कासल रॉबर्ट्स हे १९२२ पासून केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाचे चिटणीस. अठराव्या शतकातील डॉक्टर जॉन्सनचे व्यासंगी अभ्यासक आणि शेरलॉक होम्सच्या कथांचे रसिक. बायबल, प्रार्थनापुस्तके आणि पाठ्यग्रंथ छापणाऱ्या त्या जुन्या संस्थेला व्यापारी बाजारपेठेत आणण्याची त्यांची धडपड होती, आणि जीन्ससारख्या गणितज्ञाला सामान्य वाचकासाठी लिहिण्यास त्यांनीच प्रवृत्त केले. एडिंग्टन यांचा ग्रंथही याच मुद्रणालयाचा. रीड व्याख्यान आणि पुस्तक यांच्यामध्ये एकच रात्र ठेवण्यात वृत्तपत्रांतील बातमी हीच फुकटची जाहिरात व्हावी हा हिशेब उघड दिसतो, आणि साडेतीन शिलिंग ही किंमतही कारकून व शिक्षक यांच्या खिशाचा अंदाज घेऊनच ठरलेली असली पाहिजे. शिवाय या सुमारास ध्वनिक्षेपणाचे नवे साधन हाताशी आले होते. जीन्स यांनी बी. बी. सी.वरून दिलेली भाषणे १९३१ साली ‘द स्टार्स इन देअर कोर्सेस’ या नावाने ग्रंथरूप झाली, तेव्हा आधी कानांनी ऐकलेले पुन्हा विकत घेऊन वाचणारा वाचक हा ग्रंथव्यवहारातील एक नवा प्राणी अस्तित्वात आला. त्यातच १९३० च्या मार्चमध्ये प्लुटोच्या शोधाची वार्ता जाहीर होऊन आकाशाचा विषय लोकांच्या तोंडी होताच.

तरीही या ग्रंथाच्या यशाचे खरे मर्म त्याच्या रचनेत सापडते असे माझे मत आहे. ‘द मिस्टीरियस युनिव्हर्स’मध्ये पाचच प्रकरणे आहेत. पहिल्याचे नाव मरणोन्मुख सूर्याचे. कधीकाळी एक तारा सूर्याच्या अगदी निकट येऊन गेला, त्याच्या आकर्षणाने सूर्यातून वायूचा एक लोळ ओढला गेला, त्याचे तुकडे होऊन ग्रह झाले. अशी गाठ अब्जावधी ताऱ्यांत क्वचितच पडणार, म्हणून ग्रहमाला दुर्मिळ, जीवसृष्टी त्याहून दुर्मिळ, आणि या थंड होत जाणाऱ्या विश्वाला तिच्याशी कर्तव्य असे काहीच नाही. वाचकाचा असा थरकाप उडवून ग्रंथकार मधल्या तीन प्रकरणांत नवे पदार्थविज्ञान, द्रव्य आणि किरणोत्सर्जन, आपेक्षिकता आणि ईथर यांचे विवेचन करतो. तेथे वाचकाची दमछाक होते. बहुतेकांनी ही प्रकरणे अर्धवट समजून ओलांडली असतील असा माझा तर्क आहे. मग येते पाचवे प्रकरण, अगाध जलात उतरण्याचे. विश्व हे यंत्राऐवजी एखाद्या विचारासारखे अधिक भासते. त्याची घडण शुद्ध गणिताच्या नियमांशी इतकी जुळते की त्याचा कर्ता गणितज्ञ असला पाहिजे. आणि मन ही वस्तू या सृष्टीत आगंतुक नसावी, असा त्याचा आशय. पहिल्या प्रकरणात जे हिरावून घेतले ते पाचव्यात व्याजासह परत केले आहे.

ज्या पिढीने हा ग्रंथ उचलून धरला तिची अवस्था ध्यानात घेतली म्हणजे या परतफेडीचे मोल कळते. महायुद्ध संपून बारा वर्षे झाली होती. मुलगा, भाऊ किंवा पती फ्रान्सच्या चिखलात गमावलेली घरे प्रत्येक गल्लीत होती. विज्ञानाने धर्माचा निकाल लावला अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुशिक्षितांत दृढ झालेली, मृतांशी संभाषण करविणाऱ्या माध्यमांचा सुकाळ झालेला आणि १९२९ च्या शेअरबाजारातील कोसळणीनंतर बेकारी वाढत चाललेली. अशा वेळी खुद्द रॉयल सोसायटीचा दहा वर्षे चिटणीस असलेला मनुष्य, कोणत्याही पंथाचे नाव न घेता, केवळ गणिताची साक्ष काढून सांगतो की विश्वाच्या मुळाशी काहीतरी मनासारखे आहे! एडिंग्टन यांच्याही ग्रंथाचा शेवट गूढानुभवाच्या समर्थनात झाला आहे. मात्र त्यांनी विज्ञानातून धर्म सिद्ध करण्याचा आव आणला नाही, विज्ञानाच्या मर्यादेपलीकडे जागा मोकळी आहे एवढेच म्हटले. हा भेद पाद्री मंडळींनी सोयीस्करपणे विसरून दोघांनाही चर्चमधील प्रवचनांत साक्षीदार म्हणून उभे केले.

आक्षेप घेणारे लवकरच पुढे आले. बर्ट्रांड रसेल यांनी १९३१ साली ‘द सायंटिफिक आउटलुक’मध्ये असा टोला लगावला की अणू गणिताचे नियम पाळीत नाहीत यावरून एडिंग्टन धर्म सिद्ध करतात आणि ते पाळतात यावरून जीन्स. ही कोटी लोकांना आवडली; परंतु कसून उलटतपासणी केली ती लंडनच्या बेडफर्ड कॉलेजातील प्राध्यापिका सूझन स्टेबिंग यांनी. ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १९३७ सालचा त्यांचा ‘फिलॉसफी अँड द फिजिसिस्ट्स’ हा ग्रंथ वाचताना एखाद्या निष्णात वकिलाने प्रतिपक्षाच्या कैफियतीतले एकेक वाक्य काढून त्याचा पुरावा मागावा तसे वाटते. एडिंग्टन यांनी एके ठिकाणी उंबरठ्यावर उभ्या असलेल्या शास्त्रज्ञाचे वर्णन केले आहे: खोलीत शिरणे किती बिकट, कारण हवेचा दर चौरस इंचाला चौदा पौंडांचा दाब ढकलावयाचा, सूर्याभोवती सेकंदाला वीस मैल धावणाऱ्या फळीवर पाय ठेवावयाचा, आणि ती फळी तरी घन कोठे आहे, माश्यांच्या थव्यावर पाऊल टाकण्यासारखेच ते. स्टेबिंगबाई विचारतात, फळी घन नाही म्हणजे काय? घन कशाला म्हणतात हे आपण फळ्या, दगड, जमीन यांवरूनच शिकलो. फळीही घन नसेल तर त्या शब्दाला अर्थ म्हणून काय उरला? वाचकाला आधी विनाकारण घाबरवावयाचे आणि मग त्याचे सांत्वन करावयाचे, हा प्रकार त्यांना अप्रामाणिक वाटला, आणि जीन्स यांच्या पहिल्या प्रकरणावर त्यांनी तोच रोख धरला. त्यांचे बहुतेक आक्षेप मला मान्य आहेत. एडिंग्टनच्या थट्टेतील वाक्यांनाही त्यांनी कधीकधी शपथेवर दिलेल्या जबानीसारखे वागवले, एवढी तक्रार मात्र राहते.

खगोलशास्त्राचा स्वतःचा निर्णय तत्त्वज्ञांच्या निर्णयाहून कठोर ठरला. निकट येणाऱ्या ताऱ्यामुळे ग्रहमाला जन्मली ही जीन्स यांची उपपत्ती १९३९ पर्यंत टिकली. त्या वर्षी लायमन स्पिट्झर यांनी दाखवून दिले की सूर्यातून ओढला गेलेला तप्त वायू गोठून ग्रह बनण्याऐवजी अवकाशात पसरून जाईल. ताऱ्यांची वयेही जीन्स लाखो कोटी वर्षांची मानीत, आणि विस्तार पावणाऱ्या विश्वाच्या नव्या कल्पनेशी तो आकडा जुळेना. म्हणजे ज्या भयावर पहिले प्रकरण उभारले होते त्याचा पायाच गेला, आणि भय गेल्यावर पाचव्या प्रकरणातील दिलाशालाही प्रयोजन राहिले नाही. वाचकांत मात्र ग्रंथाचे स्थान त्याआधीच पक्के झाले होते. १९३७ साली पेंग्विन मंडळींनी पेलिकन ही सहा पेन्सांची माला सुरू केली तेव्हा आरंभीच्या पुस्तकांतच ‘द मिस्टीरियस युनिव्हर्स’ होते. आणि गंमत अशी की १९४४ मध्ये, स्टेबिंगबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभराने, त्यांचा खंडनग्रंथही त्याच मालेत निघाला. फिर्याद आणि कैफियत एकाच दुकानाच्या फळीवर.

हिंदुस्थानाशी जीन्स व एडिंग्टन यांचा प्रत्यक्ष संबंध १९३८ च्या जानेवारीत आला. इंडियन सायन्स काँग्रेसचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन कलकत्त्यास भरावयाचे होते आणि अध्यक्षपदासाठी पदार्थविज्ञानवेत्ते रदरफोर्ड यांची निवड झाली होती. परंतु ऑक्टोबरमध्ये ते अकस्मात निवर्तले आणि त्यांच्या जागी जीन्स आले. एडिंग्टनही त्या अधिवेशनास उपस्थित होते. ज्या तरुण भारतीयाच्या श्वेतबटू ताऱ्यांविषयीच्या गणिताची एडिंग्टन यांनी तीन वर्षांपूर्वी लंडनच्या सभेत टर उडवली होती, ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तोवर अमेरिकेत गेले होते. आपल्याकडील विज्ञानप्रसाराचा उद्योगही याच काळातला: ‘द नेचर ऑफ द फिजिकल वर्ल्ड’ निघाले त्याच १९२८ साली पुण्यात गो. रा. परांजपे यांच्या संपादकत्वाखाली ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले, आणि त्याच साली कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर गणित शिकण्यास केंब्रिजला गेले. तेथे एडिंग्टन यांच्या सान्निध्यात आपेक्षिकतेचा अभ्यास करून १९३२ साली ते काशी हिंदू विद्यापीठात आले. जीन्सचे पुस्तक केंब्रिजच्या दुकानांत झपाट्याने विकले जात होते तेव्हा ते त्याच गावात होते.

एडिंग्टन १९४४ साली वारले, जीन्स १९४६ साली. त्यांची गादी १९५० मध्ये केंब्रिजच्याच फ्रेड हॉइल यांनी घेतली. त्यांची बी. बी. सी.वरील भाषणे ‘द नेचर ऑफ द युनिव्हर्स’ या नावाने छापली गेली व तडाखेबंद खपली. त्यांची विश्वरचना जीन्सहून सर्वस्वी भिन्न, पण ग्रंथाची ठेवण तीच: आधी सूर्य, तारे, आकाशगंगा आणि अखेरीस ग्रंथकाराची जीवनमरणाविषयीची व्यक्तिगत मते. फरक इतकाच की हॉइल यांनी त्या शेवटच्या भाषणात धर्मातून मिळणारा दिलासाच नाकारला, आणि जी पाद्री मंडळी वीस वर्षांपूर्वी जीन्सचे दाखले देत होती तिच्या वारसदारांनी या वेळी निषेधाची पत्रे धाडली. पुढे दहा वर्षांनी, १९६० मध्ये, विष्णु वासुदेवांचे चिरंजीव जयंत हे याच हॉइल यांच्या हाताखाली संशोधनास लागले.